टॅक्सी टू द डार्क साइड : इंग्रजीत मिळालेला मृत्यूचा दाखला

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी धरमपेठेतील एका मित्राच्या घरी आम्ही सात जणांनी ‘टॅक्सी टू द डार्क साइड’ हा माहितीपट पाहिला. बोलणे नीट ऐकू यावे म्हणून कूलर बंद करावा लागला होता, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद असलेल्या खोलीत पावणेदोन तास कुणी जागचे उठले नाही. अ‍ॅलेक्स गिब्नी यांनी 2007 मध्ये केलेला हा 106 मिनिटांचा माहितीपट आहे. 2008 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. अफगाणिस्तान आणि इराकमधल्या युद्धकाळात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा केलेला छळ हा त्याचा विषय आहे. तो जुना झाला असेल अशी माझी समजूत होती, आणि ती पहिल्या दहा मिनिटांतच गेली.

ज्याच्या मृत्यूभोवती हे सारे उभे आहे तो दिलावर नावाचा 22 वर्षांचा अफगाण तरुण होता. खोस्त प्रांतातल्या याकुबी या गावचा हा शेतकरी कुटुंबातला मुलगा. घरच्यांनी काही आठवड्यांपूर्वीच एक जुनी टोयोटा गाडी विकत घेऊन दिली होती आणि ती तो टॅक्सी म्हणून चालवीत होता. डिसेंबर 2002 मधली गोष्ट. ईद तोंडावर आली होती, आईने सणासाठी तिघी बहिणींना माहेरी घेऊन ये म्हणून सांगितले होते, आणि पेट्रोलचे पैसे सुटावेत म्हणून हा आधी भाडे शोधायला खोस्त शहरात गेला. तिथे त्याला गावाकडे येणारे तिघे प्रवासी मिळाले. त्या सकाळी जवळच्या अमेरिकी छावणीवर अग्निबाण पडले होते. वाटेत स्थानिक टोळीच्या बंदूकधाऱ्यांनी गाडी अडवली, झडतीत एका प्रवाशाजवळ मोडका वॉकीटॉकी आणि डिकीत एक विजेचा स्टॅबिलायझर सापडला, आणि हल्लेखोर म्हणून या चौघांना अमेरिकी सैन्याच्या हवाली करण्यात आले. पुढे त्या टोळीच्या म्होरक्यालाच, अग्निबाण त्यानेच टाकून निरपराध माणसे पकडून दिली असावीत अशा संशयावरून, अमेरिकी सैन्याने अटक केली. तोवर दिलावर जिवंत नव्हता. 5 डिसेंबरला तो अमेरिकी सैन्याच्या अफगाणिस्तानातल्या बगरामच्या तळावर पोहोचला आणि 10 डिसेंबरला मेला. त्याच्या आधी सहा दिवस, त्याच तळावर, हबीबुल्ला नावाचा आणखी एक कैदी अशाच रीतीने मेला होता, ही बाब माहितीपट अगदी शांतपणे सांगतो.

मनगटांना बेड्या घालून, हात वर करून त्याला कोठडीच्या छताला बांधून ठेवत, म्हणजे त्याला झोप लागू नये. तो हलला, ओरडला किंवा डोक्यावर चढवलेला बुरखा काढायचा प्रयत्न केला, की पहारेकरी गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या बाजूला गुडघा हाणत. तिथून जी नस जाते तिच्यावर आघात बसला की पाय लुळा पडतो, आणि हा प्रकार त्या सैनिकांना कैदी आवरण्याची रीत म्हणून ठाऊक होता. मार बसला की दिलावर ‘अल्ला’ असे ओरडे, आणि ते ओरडणे ऐकण्यासाठी येणारा-जाणारा शिपाईही एक गुडघा मारून जाई. एक-एक जण सांगतो की मी थोडेच फटके मारले. ती थोडी-थोडी बेरीज किती झाली, हे शवविच्छेदनात कळले : पायांचे मांस आतून लगद्यासारखे झाले होते, आणि बसखाली आलेल्या माणसाच्या पायांशी तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याची तुलना केली. तो वाचला असता तरी दोन्ही पाय कापावे लागले असते. शेवटच्या दिवसांत, हा माणूस निरपराध आहे असे चौकशी करणाऱ्यांपैकीच बहुतेकांचे मत झाले होते, तरीही त्याला पुन्हा छताला बांधण्यात आले.

मी हा माहितीपट ज्या कारणासाठी मोलाचा मानतो ते कारण यानंतर येते. सैन्याने सुरुवातीला मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले. मृतदेहासोबत कुटुंबाला एक कागद देण्यात आला होता. तो इंग्रजीत होता, आणि घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहर कार्लोटा गॉल शोध घेत त्या घरापर्यंत पोहोचल्या, त्यांनी घडी उलगडून कागद वाचला, आणि मृत्यूच्या प्रकाराच्या रकान्यात सैन्याच्याच डॉक्टरांनी ‘होमिसाइड’वर, म्हणजे माणसाच्या हातून आलेल्या मृत्यूवर, खूण केलेली त्यांना दिसली. म्हणजे खरे काय घडले ते सैन्याने स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून, त्या कुटुंबाच्या हातात देऊन ठेवले होते.

इथे मला थोडे स्वतःबद्दल सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय या परीक्षणामागची माझी दृष्टी समजणार नाही. माझी उभी नोकरी न्यायालयीन अनुवादक म्हणून झाली. नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समध्ये बसून मी साक्षीदारांच्या मराठी जबान्या इंग्रजीत आणल्या, आणि अपिलांच्या पेपर बुकांसाठी पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल, मृत्युपूर्व जबाब असे हजारो कागद एका भाषेतून दुसरीत नेले. एकदा काटोलकडचा एक वृद्ध गृहस्थ आवाराबाहेर मला थांबवून हातातला पीएम रिपोर्ट पुढे करीत म्हणाला होता, “यात का लिवलं हाय जी?” पोरगा जाऊन त्याला दोन वर्षे झाली होती. दोन वर्षे तो कागद त्याच्या पेटीत होता. मी वाचून दाखवला तेव्हा तो रडला नाही. ‘बरगड्या’ हा शब्द मात्र त्याने मला दोनदा म्हणायला लावला. गॉल त्या अफगाण घरातला कागद उलगडतात तेव्हा मला तो गृहस्थ आठवला, आणि त्यापुढचा सारा माहितीपट मी एका अनुवादकाच्या डोळ्यांनी पाहिला.

तसा पाहिल्यावर ध्यानात येते की हा माहितीपट जितका मारहाणीविषयी आहे तितकाच शब्दांविषयीही आहे. बगराममधल्या माणसांना युद्धकैदी म्हणत नसत. ‘पर्सन अंडर कंट्रोल’ म्हणजे ‘ताब्यातली व्यक्ती’ म्हणत, आणि त्याचे आद्याक्षरी लघुरूप करून त्यापुढे आकडा लावत. युद्धकैदी म्हटले की 1949 चा जिनिव्हा करार लागू होतो, आणि ताब्यातल्या व्यक्तीला काय लागू होते हे त्या करारात शोधून सापडत नाही. 7 फेब्रुवारी 2002 रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या आदेशात कैद्यांना माणुसकीने वागवावे असे आहे, पण त्या वाक्याला ‘लष्करी गरजेशी सुसंगत असेल तितपत’ अशा अर्थाची पुस्ती जोडलेली आहे. अनुवाद करताना मी नेहमी अशा पुस्तीपाशी थांबत आलो आहे, कारण कायद्याचा मजकूर मुख्य वाक्यात दिसला तरी त्याचा प्राण पुष्कळदा पुस्तीत असतो; आणि इथे ती पुस्ती मुख्य वाक्य गिळून टाकते.

1 ऑगस्ट 2002 च्या कायदेशीर टिपणाचा भाग तर प्रत्येक वकिलाने पाहावा असा आहे. शारीरिक वेदनेला यातना केव्हा म्हणायचे, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी न्याय विभागातल्या कायदेपंडितांनी असे दिले की, अवयव निकामी होणे, शरीराचे कार्य बिघडणे किंवा मृत्यू यांच्यासोबत येणाऱ्या वेदनेइतकी तीव्र असेल तरच ती यातना. त्या टिपणाच्या मसुद्यामागचे जॉन यू स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून आपली बाजू मांडतात, आणि गिब्नी त्यांना अडवत नाहीत, चिडवत नाहीत, बोलू देतात. तसेच संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचे. 2 डिसेंबर 2002 रोजी, म्हणजे दिलावर बगरामला पोहोचण्याच्या तीन दिवस आधी, त्यांनी क्यूबातल्या ग्वांटानामो इथल्या अमेरिकी तुरुंगासाठी चौकशीच्या कठोर पद्धतींना मंजुरी दिली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिले की मी दिवसातून आठ-दहा तास उभा असतो, मग उभे राहण्याची मर्यादा चार तासांचीच का. पडद्यावर ते हस्ताक्षर दिसते. छताला टांगलेल्या माणसाचे, चौकशीच्या कागदपत्रांतले एका सैनिकाच्या हातचे साधे रेखाचित्रही दिसते. ही दोन्ही पाने मनात शेजारी ठेवून पाहावीत. मंत्र्याची मंजुरी ग्वांटानामोपुरती होती, बगरामसाठी नव्हती. पण वरून काय चालते याचा वास खालपर्यंत कसा पोहोचतो, लेखी हुकूम न देताही हुकूम कसा उतरतो, हेच गिब्नी यांना दाखवायचे आहे, आणि माझ्या मते ते त्यांनी पुराव्यानिशी दाखवले आहे.

सर्वांत अवघड भाग सैनिकांच्या मुलाखतींचा आहे. ज्यांनी प्रत्यक्ष मारले, ज्यांच्यावर खटले चालले, ते तरुण काळोख्या पार्श्वभूमीवर बसून बोलतात. त्यांतले बरेच जण राखीव दलातले, चौकशीचे जुजबी शिक्षण घेतलेले होते. नियम काय आहेत असे विचारले तर स्पष्ट उत्तर मिळत नव्हते, माहिती काढा असा तगादा मात्र रोज होता. प्रेक्षक म्हणून मला त्यांचा संताप येत होता आणि त्याच क्षणी त्यांची वये दिसत होती. माहितीपट त्यांना निर्दोष ठरवत नाही, पण सारे पाप त्यांच्याच माथी मारूनही थांबत नाही. शिक्षांचा हिशेब ऐकताना खोलीत कुणीतरी “अरे!” म्हणाले : बगरामच्या या दोन मृत्यूंसाठी सर्वांत मोठी शिक्षा पाच महिन्यांच्या कैदेची झाली, आणि ज्यांच्या हुकमतीत हे घडले त्या अधिकाऱ्यांपैकी कुणावरही दोष सिद्ध झाला नाही. बगरामच्या चौकशी पथकातली माणसे 2003 मध्ये इराकमध्ये गेली, आणि तिथल्या अबू गरीबच्या तुरुंगातली कैद्यांच्या छळाची छायाचित्रे एप्रिल 2004 मध्ये जगासमोर आली. ती छायाचित्रे इथेही आहेत, पण बगरामनंतर ती पाहिली की ‘काही बिघडलेल्या शिपायांचे रात्रपाळीतले उद्योग’ हे स्पष्टीकरण टिकत नाही.

आमच्यात कामठीला स्थायिक झालेले, सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त सुभेदार होते. 1971 च्या युद्धानंतर सुमारे 93,000 पाकिस्तानी कैदी भारतात होते. त्यांच्यापैकी काहींच्या छावणीवर ऐन तारुण्यात सुभेदारसाहेबांनी पहारा दिला होता. मध्यंतरी पाणी पिताना ते एवढेच म्हणाले, “कैदी हातात आला की तो आपल्या जबाबदारीत आला, असं आम्हाला शिकवलं होतं. रेड क्रॉसची माणसं यायची, त्यांची पत्रं जायची. राग नव्हता असं नाही. आमचीही माणसं मेली होती.” पहाऱ्यावरच्या शिपायाला रात्री कोणी पाहत नसते, म्हणून वरिष्ठाने अवेळी फेरी मारायचीच असते, हेही त्यांनी सांगितले. बगराममध्ये अशी फेरी मारणारे नव्हते असे नाही. अनेकांनी टांगलेली माणसे पाहिली आणि ते पुढे गेले.

विरोध करणारेही होते, आणि त्यांना दिलेली जागा मला फार महत्त्वाची वाटते. नौदलाचे मुख्य विधी सल्लागार अल्बर्टो मोरा यांना ग्वांटानामोतल्या प्रकारांची कुणकुण लागली तेव्हा त्यांनी आपल्याच सरकारातल्या वरिष्ठांना पुन्हा पुन्हा जाऊन सांगितले की हे बेकायदा आहे, आणि जानेवारी 2003 मध्ये रम्सफेल्ड यांना ती मंजुरी मागे घ्यावी लागली. मोरा यांच्या बोलण्यात आवेश नाही. ते फाइल उघडून बसलेल्या जाणत्या सरकारी वकिलासारखे बोलतात, आणि त्यामुळेच त्यांचे बोलणे मनात राहते.

यातनेतून सत्य निघते का, या प्रश्नावर माहितीपट इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याचे उदाहरण देतो. इजिप्तमध्ये छळाखाली त्याने सांगितले की इराक अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचे शिक्षण देत आहे. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांसमोर केलेल्या भाषणात ती माहिती वापरली गेली. पुढच्या वर्षी त्याने ती जबानी मागे घेतली. तोवर युद्ध पेटून वर्ष होत आले होते. आपल्याकडच्या न्यायालयात वावरलेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काही नाही. मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल 1855 सालचा आहे, आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही हे 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये आले, आजच्या साक्ष्य अधिनियमात ते कलम 23 झाले आहे. मार खाणारा माणूस मार थांबावा म्हणून बोलतो, ही गोष्ट इंग्रजांच्या राजवटीतल्या कायदेकर्त्यांनाही मान्य करावी लागली होती.

तथापि कायद्यात असणे आणि कोठडीत असणे यांतले अंतर आपल्याला चांगले ठाऊक आहे, म्हणून हा माहितीपट दूरच्या देशाची कथा म्हणून पाहण्याचा हक्क आपल्याला नाही असे मला वाटते. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये अटकेची लेखी नोंद, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी अशा गोष्टी बंधनकारक केल्या, त्या कोठडीतल्या मृत्यूंमुळेच. यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली. त्याचे अनुसमर्थन, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक मानण्याची अंतिम मान्यता, अजून झालेले नाही. त्यासाठीचे विधेयक 2010 मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 273 व्या अहवालात पुन्हा मसुदा दिला, तोही पडून आहे. हा करार संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला तो दिवस 10 डिसेंबर 1984. दिलावर मेला तीही 10 डिसेंबरचीच तारीख.

आता उणिवांविषयी. माहितीपटाचा मधला भाग पसरट आहे. ग्वांटानामो, गुप्तचर संस्थेचे जुने मानसशास्त्रीय प्रयोग, अमेरिकी संसदेतले वाद, दूरचित्रवाणीवरच्या मालिकांचा परिणाम, हे सारे एकामागून एक येते आणि त्यात दिलावर बराच वेळ दिसेनासा होतो. यांतला एखादा विषय गाळला असता तर बिघडले नसते. काही ठिकाणी पार्श्वसंगीत भीती वाढवण्यासाठी वापरले आहे. जिथे शवविच्छेदनाचा अहवाल बोलतो आहे तिथे त्याची गरज नव्हती. माझी मोठी तक्रार निराळी आहे. मारणाऱ्यांना जितकी मिनिटे मिळाली त्या मानाने दिलावरच्या घराला फारच थोडी मिळाली. त्याच्या मागे राहिलेल्या लहान मुलीचे पुढे काय होणार, त्या तिघी बहिणी त्या ईदला माहेरी आल्या का, हे मला जाणून घ्यायचे होते. त्याच्या टॅक्सीतले तिघे प्रवासी ग्वांटानामोला नेले गेले आणि मार्च 2004 मध्ये, यांच्यापासून अमेरिकी सैन्याला धोका नाही असे पत्र हातात देऊन सोडले गेले. त्या पत्रावर आणखी थांबायला हवे होते. तोही एक इंग्रजी कागदच.

शेवटी दिग्दर्शकाचे वडील फ्रँक गिब्नी पडद्यावर येतात. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते आणि जपानी कैद्यांची चौकशी करीत असत. मरणाच्या दारात असताना, नाकातली ऑक्सिजनची नळी बाजूला करून, ते मुलाच्या कॅमेऱ्यासमोर बोलतात : आम्ही असे कधी केले नाही, आणि आपण कायदा पाळणाऱ्यांच्या बाजूचे आहोत ही भावना आम्हाला लढण्याचे बळ देत होती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हा भाग भावनेला हात घालतो म्हणून कुणी नाक मुरडेल. मला तो योग्य वाटला, कारण चौकशी करणारा माणूस कसा असू शकतो हे त्या पूर्ण माहितीपटात इथे प्रथमच पूर्णपणे दिसते. सुभेदारसाहेब त्या वेळी खुर्चीत ताठ बसले होते.

कायद्याचे, वैद्यकाचे आणि पत्रकारितेचे विद्यार्थी, पोलिस आणि सैन्यात जाऊ पाहणारी मुले, यांनी तो अवश्य पाहावा. लहान मुलांना दाखवू नये, कारण नग्न आणि जखमी माणसांची खरी छायाचित्रे त्यात आहेत. एका बैठकीत पाहावा आणि नंतर बोलायला चार माणसे सोबत असावीत. आम्ही पाहिलेल्या प्रतीत हिंदी किंवा मराठी उपशीर्षके नव्हती आणि अमेरिकी सैनिकांचे उच्चार कानाला सवयीचे नाहीत. आमच्यातल्या दोघांना बराच मजकूर शेजाऱ्याला विचारून समजून घ्यावा लागला. इंग्रजी न येणाऱ्या एका कुटुंबाच्या हातातल्या कागदावरचा माहितीपट इंग्रजी न येणाऱ्यांपासून दूर राहावा, हे मला सहन झाले नाही.

म्हणून जूनमध्ये कामठीला सुभेदारसाहेबांच्या घरी तो पुन्हा दाखवायचे ठरले आहे, आणि त्यासाठी मी माहितीपटातल्या महत्त्वाच्या कागदांचे मराठी टिपण तयार करतो आहे. चार पाने झाली आहेत. मृत्यूच्या दाखल्यातल्या त्या एका शब्दावर एक अख्खी दुपार गेली. ‘खून’ लिहावे तर तो आपल्या कायद्यात हेतू सिद्ध झाल्यावरचा शब्द आहे, आणि डॉक्टर हेतू ठरवत नाहीत; ‘मृत्यूस अन्य व्यक्ती कारणीभूत’ असे लिहिले तर ते बरोबर होते, पण त्यात तो माणूस मेल्यासारखा वाटत नव्हता. मी ‘मनुष्यवध’ लिहिले. सुभेदारसाहेबांना फोनवर वाचून दाखवले तेव्हा त्यांनी विचारले की हा शब्द गावातल्या माणसाला कळेल का. मी त्याखाली, लहान अक्षरांत, एक ओळ वाढवली : याला माणसांनी मारले.